यारोची परीक्षा श्रावणात

यारो या औषधी वनस्पतीच्या बियाण्याचे पाकीट आता इस्लापुरातही घरपोच येते. पाकिटाच्या पाठीवर दोन आकडे छापलेले असतात: पट्टा ३ ते ९. त्याखाली भरवसा दिलेला असतो की झाड अतिशय काटक आहे, एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकते, माती कसलीही चालते, पाणी कमी पडले तरी बिघडत नाही. यातले काहीही खोटे नाही. तरीही किनवट तालुक्यातल्या परसात लावलेल्या यारोला पहिला पोळा गाठणे जड जाते.

आधी त्या आकड्यांचे बघू. हे पट्टे अमेरिकेच्या कृषी खात्याने पाडले आणि पाडताना एकच गोष्ट मोजली: वर्षातल्या सर्वांत थंड रात्री त्या ठिकाणचा पारा सरासरी किती खाली जातो. तिसऱ्या पट्ट्यात तो उणे ३५ ते उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. वरची माती दगडासारखी गोठते, यारोचा पाला काळा पडून जमिनीला चिकटतो, पण मातीखालच्या आडव्या खोडांत जीव धरून राहतो आणि बर्फ वितळले की हिरवे कोंब वर येतात. याच हिशेबाने आपला भाग साधारण अकराव्या पट्ट्याच्या आसपास पडतो. इस्लापूरची थंडी यारोच्या खिजगणतीतही नाही.

पण त्या नकाशात मे महिना नाही. अमेरिकेतल्याच बागकाम करणाऱ्यांना ही उणीव जाणवली, म्हणून तिथल्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ साली दुसरा नकाशा काढला. त्यात वर्षातले किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो हे मोजले आणि बारा पट्टे केले. शेवटच्या बाराव्या पट्ट्यात असे २१० पेक्षा जास्त दिवस असतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाच्या पहिल्या सरीपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे दुपार कशी तापते हे ज्याला माहीत आहे, त्याला इस्लापूर कुठल्या पट्ट्यात बसते ते सांगायला नको. बियाण्याच्या पाकिटावर मात्र हा दुसरा आकडा क्वचितच छापतात.

तिसरी गोष्ट दोन्ही नकाशांत नाही. ती म्हणजे काळ्या मातीत साचलेले पाणी. नांदेड जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस किनवट-माहूरच्या डोंगराळ, जंगली भागात पडतो. वर्षाला हजार मिलिमीटरचा आकडा इथे नवलाचा नाही, आणि त्यातला बहुतेक पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत येतो. जवळच्या सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते, ते पाहायला लोक याच दिवसांत येतात. त्याच दिवसांत शेतातली काळी माती पाणी पिऊन फुगते, कणांमधल्या फटी बुजतात, हवा निघून जाते आणि मुळांचा श्वास कोंडतो. आपला शेतकरी अशा जमिनीला ‘चिबडली’ म्हणतो. पिवळी पडलेली तूर पाहून त्याला हे लांबूनच कळते. यारो मूळची रेताड उतारांवरची, कुरणांतली, रस्त्याकडेच्या खडीतली. मेच्या उन्हात ती सुकते, करपते, पण बुडाशी थोडी ओल असेल तर बहुधा जगते. मारतो तो ऑगस्ट. आठ-दहा दिवसांची झड लागली, रात्रीही उकाडा राहिला, की बुडाशी पाला काळा पडतो, हाताने ओढला तर मुळासकट निघून येतो आणि कुजका वास येतो.

उणे ३५ अंशांत न मरणारे झाड २५ अंशांच्या ओल्या रात्री मरते, हे यारोच्या बाबतीत आधी नीट समजून घ्यावे. लागवडीच्या बाकीच्या सूचना त्यातूनच निघतात.

झाड दिसते कसे? रोप लहान असताना खोड नसतेच. जमिनीलगत पानांचा झुबका असतो. एक पान उपटून तळहातावर ठेवा. लांबी बोटभर ते वीतभर, रुंदी जेमतेम दोन बोटे. मधली शीर सरळ जाते, तिच्या दोन्ही बाजूंना उपशिरा फुटतात, त्या प्रत्येकीला पुन्हा बारीक दाते आणि त्या दात्यांनाही टोके. शेपूच्या पाल्याइतके ते बारीक दिसते, पण शेपूसारखे लोंबत नाही. स्पर्श मऊ, किंचित लोकरी. चुरगाळले की कापराच्या अंगाने जाणारा कडवट वास बोटांना राहतो. फुलायची वेळ आली की मग दीड-दोन ते तीन फुटांचा ताठ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला पांढरी, कधी गुलाबी छटेची, चपटी छत्री उघडते. लांबून एक फूल वाटते. जवळ गेले की कळते, ही पंचवीस-पन्नास किंवा त्याहून जास्त बारीक फुलांची पंगत आहे, आणि त्यातले प्रत्येक ‘फूल’ हेही फुलांचेच बोंड आहे: कडेला बहुधा पाच पाकळ्यांसारखी फुले, मधे बारीक नळ्यांचा पुंजका. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई यांच्या कुळाची ही खूण. त्या मोठ्या कुळातही शेवंती आणि दवणा हे तिचे जवळचे भाऊबंद. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा हातात चुरगाळून पाहिला आणि मग यारोचे पान चुरगाळले, तर नाते नाकालाच कळते.

याच कुळात गाजर गवतही आहे, आणि इथे खरी पंचाईत सुरू होते. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेले आणि परदेशी गव्हाच्या आयातीशी नाव जोडले गेलेले हे तण आज मराठवाड्यातल्या प्रत्येक बांधावर आहे. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतो, कोणी चटकचांदणी. त्याच्याही पानांना खोल कातरे, त्याचीही फुले बारीक आणि पांढरी, तीही झुपक्याने. खुरपणीला आलेल्या बाईने यारोचे रोप उपटून बांधावर फेकले, तर दोष तिचा नाही. वर्षानुवर्षे तिला हेच तर उपटायला सांगितले आहे. लावणाऱ्यानेच फरक दाखवावा. गाजर गवताच्या पानाचे कातरे पट्टीसारखे रुंद आणि सपाट असतात, यारोचे दोऱ्यासारखे. गाजर गवत लवकरच खोड उभे करून फांद्या पसरते, यारो महिनोन्‌महिने जमिनीलगतच बसते. सर्वांत खात्रीची खूण मातीखाली आहे: खुरप्याने उकरले की गाजर गवताचे एक सोटमूळ सरळ खाली गेलेले दिसते, तर यारोच्या बुडातून बारीक, पांढुरकी आडवी खोडे चहूकडे पसरलेली असतात. रोपाभोवती चार दगड मांडून ठेवणे हा याहूनही सोपा उपाय.

नात्याचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. गाजर गवतामुळे ज्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आत चट्टे उठतात, खाज सुटते, त्यांच्या अंगाला त्यातली काही कडू द्रव्ये सोसत नाहीत. त्याच जातीची द्रव्ये यारोत आणि शेवंतीत असतात. शेवंतीच्या हारांचे काम करणाऱ्यांतही असा त्रास दिसतो. ज्याला गाजर गवत बाधते, त्याने यारोच्या वाटेला जाऊ नये, मग ती कितीही औषधी असो.

औषधी ती आहेच, आणि ख्याती फार जुनी आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅकिलीया मिलेफोलियम’ हे लिनियसने १७५३ साली ग्रंथात नोंदवले. त्यातला अ‍ॅकिलीस ग्रीक कथांमधला योद्धा: त्याने कायरन नावाच्या गुरूकडून ही वनस्पती ओळखायला शिकून सैनिकांच्या जखमांवर बांधली, असे सांगतात. कथेपेक्षा पुरावा जास्त जुना आहे. स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेत सापडलेल्या निअँडरथल माणसांच्या दातांवरचे किटण तपासले, तेव्हा सुमारे ४९,००० वर्षांपूर्वीच्या एका दातात यारो आणि कॅमोमाइल यांच्याशी जुळणारी रसायने मिळाली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही वनस्पती कडू आणि पोटभरीच्या नाहीत. म्हणजे त्या माणसाने त्या भुकेपोटी खाल्ल्या नसाव्यात असा तर्क आहे. इराकमधल्या शनिदार गुहेतल्या निअँडरथल दफनाजवळही यारोचे परागकण मिळाले होते. त्यावरून ‘फुले वाहून केलेले दफन’ अशी फार गोड गोष्ट रचली गेली, पण ते परागकण बिळे करणाऱ्या उंदरांनी किंवा मधमाश्यांनी आत नेले असावेत, असे आता बरेच संशोधक मानतात. मला स्पेनमधला दात जास्त भरवशाचा वाटतो.

आपल्या देशात यारो परकी नाही. काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या हिमालयात, साधारण हजार मीटरपासून साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत, ती रानात आपोआप उगवते. युनानी वैद्यकात ती ‘बिरंजासिफ’ या नावाने येते, तापावर आणि सुजेवर. आणि इस्लापूरचा तिच्याशी जुना धागा शोधायचा, तर तो पुण्या-मुंबईच्या दिशेने न शोधता हैदराबादच्या दिशेने शोधावा. १९५६ पर्यंत इस्लापूर सर्कल हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात होते. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचना कायद्यात नव्या मुंबई राज्याला मिळालेल्या मुलखाच्या यादीत ‘बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल’ असा नावानिशी उल्लेख आहे. निजामाच्या राज्यात युनानीला राजाश्रय होता, आणि हकिमांच्या नुस्ख्यातली बिरंजासिफ अत्तारांकडे वाळलेल्या रूपात मिळायची. आज नांदेडच्या होमिओपॅथीच्या दुकानात ‘मिलेफोलियम’ची बाटली मिळते, तीही हीच वनस्पती. जिवंत झाड मात्र या भागात कोणी पाहिलेले नसते.

जिवंत झाडाची उणीव भासत नाही, याला कारण आहे. यारोचे जे मुख्य काम, ताज्या जखमेचे रक्त थांबवणे, ते काम इथे दुसरीच वनस्पती करते. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन कापताना विळा बोटाला लागला, की कापणारा इकडेतिकडे बघतो आणि बांधावरून दोन-चार पाने तोडतो. पान जाडसर, खरखरीत, कडेला दातेरी. तळहातावर चोळून हिरवा रस निघाला की तो जखमेवर पिळतो, चोथा वर दाबून धरतो आणि चिंधी बांधून पुन्हा कामाला लागतो. हा दगडी पाला. कोणी एकदांडी म्हणते, कोणी जखमजोडी, कोणी कंबरमोडी. मुरमाड बरडावर, रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत तो बाराही महिने दिसतो. जमिनीवर लोळत पसरतो, आणि वीतभर उंचीच्या एकेका दांड्यावर एकच पिवळे बोंड धरतो, कडेला फिकट, टोकाशी तीन दाते असलेल्या पाकळ्या. किनवट-माहूरच्या पट्ट्यात आंध, गोंड, कोलाम, बंजारा कोणाच्याही वस्तीवर विचारा, पोरांनासुद्धा तो ओळखता येतो.

गंमत म्हणजे दगडी पालाही सूर्यफुलाच्याच कुळातला आणि तोही इथला नव्हे. तो उष्ण अमेरिकेतून आला. पण तो उन्हाच्या आणि मुसळधार पावसाच्या मुलखातून आला, म्हणून इथे रुजला, पसरला, आणि गाव त्याला आपलाच समजते. दगडी पाल्याचा रस जखम भरून यायला मदत करतो, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. यारोतून १९५४ साली ‘अ‍ॅकिलीन’ नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले आणि ते रक्त गोठण्याचा वेळ कमी करते असे सशांवर आढळले. दोन्हीकडे लोकांचा अनुभव अगदीच हवेतला नव्हता. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. बांधावरच्या पानाला माती असते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. पान धुऊन घ्यावे, जखम खोल असेल तर पाला बांधून घरी बसू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. मधुमेही माणसाने तर पायाच्या जखमेवर कोणताच पाला बांधू नये.

मग यारो लावायचीच कशाला? कोणी विचारले तर मी म्हणेन, जखमेसाठी लावू नका. पानांच्या सुंदर पोतासाठी लावा, वासासाठी लावा, आणि वनस्पती जागेशी कशी जुळवून घेते हे पाहायचे असेल तर जरूर लावा. कारण याच प्रश्नाचा एक मोठा अभ्यास याच झाडावर झालेला आहे.

येन्स क्लाउसेन हे डेन्मार्कमधून अमेरिकेत आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. डेव्हिड केक आणि विल्यम हीसी या दोघांबरोबर त्यांनी कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्यापासून सिएरा नेवाडाच्या शिखरांपर्यंत एक आडवी रेघ धरून जागोजागची यारोची रोपे गोळा केली. प्रयोगासाठी तीन बागा होत्या. एक स्टॅनफर्डला, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३० मीटरवर. दुसरी मॅदरला, १,४०० मीटरवर. तिसरी टिंबरलाइनला, ३,०५० मीटरवर, जिथे उन्हाळा उणापुरा दोन-अडीच महिन्यांचा. मग त्यांनी जे केले ते आपल्याकडे शेवंतीच्या काश्या काढणाऱ्या कोणालाही लगेच समजेल: एकेका रोपाचे मूळ फोडून त्याचे तीन भाग केले आणि तिन्ही बागांत एकेक लावला. तिन्हींचे आनुवंशिक गुण हुबेहूब एक, जागा वेगळी. म्हणजे जो फरक पडेल तो जागेचा. आणि एकाच बागेत शेजारी शेजारी लावलेल्या वेगवेगळ्या गावच्या रोपांत जो फरक उरेल, तो बियाचा.

१९४८ साली निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. उंच पर्वतावरून आणलेली यारो स्टॅनफर्डच्या उबदार बागेतही बुटकीच राहिली. तिच्या गावी बर्फ पडते म्हणून ती इथेही हिवाळ्यात पाला टाकून झोपायची, बर्फाचा पत्ता नसताना. किनाऱ्याजवळची यारो हिवाळाभर वाढत राहायची, आणि तीच टिंबरलाइनला नेली की एक-दोन हिवाळ्यांत मरायची किंवा बी पिकायच्या आतच थंडी यायची. सॅन वाकीन खोऱ्यासारख्या तापट सपाटीवरची यारो तर माणसाइतकी उंच व्हायची. पाहणाऱ्याला ही सगळी एकच वनस्पती, तेच पान, तीच छत्री. पण प्रत्येक जागेने हजारो वर्षांत तिथल्या ऋतूला साजेशी आपली वेगळी यारो निवडून काढली होती.

म्हणून पाकिटावर ‘यारो’ लिहिले आहे एवढ्याने काही कळत नाही. बी कुठल्या मुलखातल्या झाडाचे, हे विचारले पाहिजे. हॉलंड-जर्मनीकडच्या फुलबागांसाठी निवडलेल्या रंगीत जाती इथे सर्वांत आधी माना टाकतील अशी माझी अपेक्षा आहे. निवड करता आली तर हिमालयाच्या पायथ्याकडच्या, कमी उंचीवरच्या रोपांचे बी किंवा मुळे मिळवावीत. देहरादून-कुमाऊँकडे पाऊसही मोप पडतो, एवढा तरी दिलासा. तेलाच्या बाबतीतही हेच. यारोचे तेल काढले की ते गडद निळे निघते, अशी तिची प्रसिद्धी आहे. ताज्या झाडात हा निळा रंग नसतो, वाफेच्या उष्णतेने आतले एक द्रव्य मोडून कॅमाझुलीन तयार होते तेव्हा तो येतो. पण ते मूळ द्रव्यच सगळ्या यारोंत नसते. काही वंशांचे तेल निळे निघतच नाही, कितीही ऊर्ध्वपातन करा.

आता लागवड. मृगाला लावायची सवय इथे मोडावी लागते. यारो लावायची वेळ दसरा ते दिवाळी. पाऊस ओसरलेला, रात्री थंड व्हायला लागलेल्या, आणि पुढे चार-पाच महिने तिला मानवेल असा काळ. बी अत्यंत बारीक असते, एका ग्रॅममध्ये काही हजार. ते मातीखाली गाडले तर उगवत नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. कुंडीत किंवा ट्रेमध्ये गाळलेली माती आणि बारीक वाळू निम्मे-निम्मे भरावी, वर पाणी शिंपडून ओली करावी, बी चिमटीभर कोरड्या वाळूत मिसळून वर पसरावे आणि तळहाताने नुसते दाबावे. झारीची धार नको, फवारणीच्या बाटलीने पाणी द्यावे. दहा-पंधरा दिवसांत केसासारखी रोपे दिसू लागतात. ती चार-पाच पानांवर आली की हलवावीत.

वाफा करताना सगळी अक्कल निचऱ्यात घालावी. फूटभर उंच गादीवाफा, आणि त्यात दोन घमेली मुरूम किंवा बारीक खडीला एक घमेले काळी माती, वर ओंजळ-दोन ओंजळ जुने कुजलेले शेणखत. एवढेच. शेतकऱ्याच्या घरी शेणखताला तोटा नसतो आणि झाडावर माया करायची म्हणजे खत घालायचे अशी आपली रीत. यारोला ही माया बाधते. खत जास्त झाले की पाला माजतो, दांडे लांबुडके आणि पोकळ होऊन लोळतात. गावाजवळचे मुरमाड बरड, ज्याला कोणी विचारत नाही, ते तिला काळ्या रानापेक्षा चांगले मानवेल. दोन रोपांत एक ते दीड फुटांचे अंतर ठेवावे. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी पुरते. बोट दोन पेरे आत घालून पाहावे, ओल लागली तर पाणी देऊ नये. जानेवारीच्या धुकट, दमट सकाळी पानांवर भुरी दिसली तर दाटीतली पाने काढून वारा खेळता करावा. बहुधा तेवढ्याने भागते.

फेब्रुवारी सरला की दुपारची सावली हवी. शेवग्याच्या किंवा भिंतीच्या पूर्वेला वाफा असेल तर सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी दोननंतर आडोसा होतो. मे महिन्यात पाला करपून गेला तरी घाबरू नये, मुळे उपटू नयेत. संध्याकाळी थोडे पाणी देऊन बुडाशी ओल राखावी. खरी तयारी रोहिण्या निघाल्यावर करायची. मृगाच्या आधी सगळा पाला जमिनीपासून चार बोटांवर कापून टाकावा, म्हणजे पावसात कुजायला काही उरत नाही. वाफ्याच्या कडेने चर काढावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे निम्मी रोपे कुंड्यांत ठेवावीत आणि झडीच्या दिवसांत त्या पडवीत घ्याव्यात. वळचणीखाली मात्र नकोत. पत्र्यावरून पडणाऱ्या धारेने कुंडी चिखलाने भरते आणि मग पडवीत घेतले काय आणि न घेतले काय.

फुलांचे काय? इथे मी जरा हात आखडता घेईन. यारोला फुलायला लांब दिवस लागतात. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. इस्लापूर साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास, इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या जवळपास, आणि तो येतो जूनमध्ये, म्हणजे ती उन्हाने होरपळून पावसाला तोंड देत असते तेव्हा. काही जाती लवकर फुलतात, एखाद्या वर्षी मार्च-एप्रिलात दोन-चार छत्र्या दिसतीलही. पण युरोपातल्या बागांच्या फोटोतले पांढरे ताटवे इथे होतील असे कोणी सांगितले तर त्याच्याकडून रोप घेऊ नका. तिचे भावंड शेवंती नेमकी उलट. दिवस लहान होत गेला की तिला कळ्या येतात, म्हणून ती दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे भरभरून फुलते आणि नांदेडच्या फुलबाजारात ढिगांनी दिसते. एकाच वाफ्यापुरती जागा असेल आणि फुलेच हवी असतील, तर माझे मत निःसंकोच शेवंतीला. यारोच्या छत्रीवर गांधीलमाशीच्या जातीतले बारीक परोपजीवी कीटक, फुलमाश्या, ढालकिडे येतात आणि ते मावा-अळ्यांचा फडशा पाडतात म्हणून तिचे कौतुक होते. तेच कीटक फुलावर सोडलेल्या कोथिंबिरीवर आणि बडीशेपेवरही येतात, आणि त्या इथे बिनबोभाट फुलतात.

पाने हवी असतील तर मात्र यारो कंजूष नाही. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला झुबका कापता येतो. वाळवायचा तर सावलीत. उन्हात वास उडतो. दोन चिमटी पाला उकळत्या पाण्यात घालून केलेला काढा कडू होतो आणि लोक तो सर्दी-तापात घेतात. गरोदर बाईने तो घेऊ नये, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला वाफा उकरून पाहायचा. दहा रोपांतली कदाचित दोन-तीन जिवंत असतील, आणि त्यांच्या बुडाशी पांढरी आडवी खोडे बोटा-दोन बोटांवर नवे कोंब घेऊन बसलेली दिसतील. खुरप्याने झुडूप उचलावे, मधला जुना, लाकडासारखा झालेला भाग टाकून द्यावा आणि कडेचे मुळांसकट कोंब वेगळे करावेत, शेवंतीच्या काश्या काढतो तसेच. मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा पाकिटातले बी पेरू नये. श्रावण काढलेल्या त्या दोन-तीन रोपांच्याच काश्या लावाव्यात. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवायची: यारोला स्वतःचे परागकण चालत नाहीत, आणि एका झुडपाच्या सगळ्या काश्या म्हणजे एकच झाड. म्हणून तगलेली रोपे निदान दोन वेगवेगळ्या बियांची असतील तर ती शेजारी शेजारी लावावीत. ज्या वर्षी दोन्हींना एकदम फुले येतील त्या वर्षी धरलेले बी इस्लापूरच्या पावसातून गेलेल्या आईबापांचे असेल. ते पुढच्या दसऱ्याला पेरायचे, आणि पाकीट मागवणे बंद करायचे.